मीठ किती, पाणी किती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या दादीचा एक नियम होता. घरात कुणा पोराला जुलाब सुरू झाले की ती पहिल्यांदा पाण्याचा तांब्या उचलून वरच्या फळीवर ठेवायची. 'पानी नक्को देव, पेट में जाको फिर निकल्ताच,' असे तिचे म्हणणे. तिच्या हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. वरून ओतले ते खालून जाते, हे सगळ्यांच्या डोळ्यांना दिसतच होते. १९७९ च्या उन्हाळ्यात माझी पावणेदोन वर्षांची बहीण अशीच आजारी पडली. दिवसभर पाणी बंद. संध्याकाळी अम्मीला राहवले नाही. तिने दादीची नजर चुकवून गुलाबाच्या सरबताचा घट्ट पाक अगदी थोड्या पाण्यात कालवला आणि चमच्याचमच्याने पोरीला पाजला. गोड म्हणून ती प्यायलीही. रात्री जुलाब वाढले. डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहू लागली. पहाटे अब्बा तिला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे निघाले. दवाखाना उघडेपर्यंत ती राहिली नाही.

पुढे कितीतरी वर्षे दादी म्हणायची, सरबताने घात केला. अम्मी म्हणायची, पाणी तोडल्यामुळे गेली. एका चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या दोघी बायका, आणि मधे हा वाद. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. विज्ञानाशी माझा संबंध शाळेच्या वहीपुरता. पण या वादाचा निकाल मला हवा होता. तो शोधता शोधता मी ज्या इतिहासात शिरलो, तो आज तुम्हाला सांगावासा वाटतो. दोघींचेही अर्धे अर्धे बरोबर होते, आणि ज्या चुका त्यांच्या हातून झाल्या त्याच चुका जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांच्या हातून दीडशे वर्षे होत होत्या, हे मला तिथे कळले.

सुरुवात स्वयंपाकघरातूनच करू. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की तासाभरात भांड्यात पाणी सुटते. आपण पाणी घातलेले नसते. ते फोडींच्या आतले असते. उलट, सुकलेली मनुका साध्या पाण्यात टाकली की टम्म फुगते. दोन्हीकडे घडते ते एकच. फोड काय, मनुका काय, आपले शरीर काय, सगळे सूक्ष्म पेशींचे बनलेले. प्रत्येक पेशीला एक पातळ पटल असते. त्यातून पाणी सहज ये-जा करते, मीठ-साखर मात्र सहजासहजी जाऊ शकत नाहीत. मग ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी साध्या पाण्यात टाकली तर ती पाणी पिऊन पिऊन फुटते. कडक मिठवणीत टाकली तर चिंबून जाते. तिला आपल्या जागी, आपल्या आकारात राहायचे असेल तर भोवतालचा द्रव तिच्याच घट्टपणाचा हवा. आपल्या रक्तातल्या मिठाचे प्रमाण शरीर जिवापाड सांभाळते ते याचसाठी. त्या कामाला मूत्रपिंडे, तहान, मेंदूतल्या ग्रंथी अशी सगळी यंत्रणा रात्रंदिवस जुंपलेली असते.

ही गोष्ट पहिल्यांदा टिपून ठेवली ती एका फ्रेंच धर्मगुरूने. त्याचे नाव झाँ आंत्वान नोले. १७४८ मध्ये त्याने एक भांडे मद्यार्काने भरले, त्याच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी ते कातडे फुगून वर आले होते. सुई टोचताच आतला द्रव कारंज्यासारखा उडाला. पाणी कातड्यातून आत गेले, मद्यार्क मात्र तेवढ्या वेगाने बाहेर येऊ शकला नाही. नोलेने हे लिहून ठेवले आणि तो पुढच्या कामाला लागला. ऐंशी वर्षांनी, १८२६ ते १८२८ च्या सुमारास, आँरी द्युत्रोशे या फ्रेंच डॉक्टरने त्याला नाव दिले. सजीवांच्या शरीरातही हेच चालते, असे त्याने ठामपणे सांगितले. त्याचे हे लेखन ताजे होते तेव्हाच युरोपच्या दारात एक रोग येऊन उभा राहिला होता. त्या रोगाला हे ज्ञान हवे होते, पण दोघांची भेट व्हायला फार उशीर लागला.

तो रोग म्हणजे पटकी, कॉलरा. आपल्या भाषेत त्याला मोडशी असाही एक जुना शब्द आहे. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकात उलटी-जुलाबाच्या या जीवघेण्या रोगाचे वर्णन केले आहे. इथल्या लोकांच्या तोंडचे नावही त्याने दिले आहे, ते या मोडशीचेच रूप. पोर्तुगीजांच्या जिभेवर त्याचे 'मोर्देशीं' झाले, आणि पुढे फ्रेंचांनी ते आपल्या कानाने ऐकून 'मोर द शियाँ' केले. त्याचा अर्थ कुत्र्याची मौत. शब्दांच्या अशा प्रवासाचे मला नेहमीच वेड. पण या शब्दावर हसू येत नाही. कारण ते मरण तसेच होते. सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळी दफन व्हायचा. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोर गावी ही साथ अशी काही उसळली की १८१८ मध्ये ती मुंबईपर्यंत येऊन पोचली. गावोगाव मरीआईचे गाडे फिरू लागले. पुढे ती अरबस्तान, रशिया करत १८३१ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या संडरलंड बंदरात उतरली.

तिथले डॉक्टर काय करत होते? रोग्याच्या शिरा कापून रक्त काढत होते. पाऱ्याची औषधे देऊन आणखी जुलाब करवत होते. आणि पुष्कळ जण पाणी तोडत होते. रोगी 'पाणी, पाणी' म्हणून तळमळायचा आणि शिकलासवरला डॉक्टर ते देऊ नका म्हणायचा. माझी दादी एकटी नव्हती.

त्या वेळी विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी नावाचा एक आयरिश तरुण एडिंबरोहून नुकताच डॉक्टर होऊन बाहेर पडला होता. वय बावीस-तेवीस. तो साथीच्या गावी गेला, रोग्यांचे रक्त घेऊन त्याची रासायनिक तपासणी केली आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष छापले. या रक्तातले पाणी निघून गेले आहे, क्षारही निघून गेले आहेत, आणि ते दोन्ही परत दिले पाहिजेत, असे त्याने लिहिले. एवढे सांगून तो १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. आपल्या देशात पहिली तारयंत्रे उभारणारा माणूस तो हाच. एवढी मोठी गोष्ट हाताशी असताना ती सोडून तो तारा ओढत बसला, याची मला रुखरुख वाटते. पण माणसाच्या आवडीनिवडींना काय म्हणावे.

त्याचे लिखाण वाचून लीथ बंदरातल्या टॉमस लाटा या डॉक्टरने मे १८३२ मध्ये धाडस केले. मीठ आणि सोडा विरघळवलेले पाणी त्याने सरळ शिरेत सोडले. पहिली रोगी एक म्हातारी बाई होती. तिची नाडी लागत नव्हती. औंसामागून औंस पाणी आत गेले तशी तिच्या चेहऱ्यावर कळा आली, ती बोलू लागली, आता मला बरे वाटते म्हणाली. लाटा थकला होता. तिला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून तो निघाला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी मात्र पुन्हा दिले गेले नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली. हे लाटाने स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. नंतर त्याने आणि इतरांनी आणखी रोग्यांवर प्रयोग केले. काही वाचले, बरेच दगावले. द्रव निर्जंतुक नसायचा, आणि आजच्या सलाइनच्या मानाने त्यात मीठ जेमतेम निम्मे असायचे. म्हणजे ते पाणी पातळ होते. अशा पाण्यात तांबड्या पेशी फुगतात आणि फुटू लागतात. लाटाला हे कळण्याचा मार्ग नव्हता. परासरणाचे मोजमाप त्या काळी कुणाकडेच नव्हते. १८३३ मध्ये तोही वारला. उपाय बदनाम झाला आणि डॉक्टर पुन्हा शिरा कापण्याकडे वळले.

मोजमाप यायला आणखी पन्नास वर्षे लागली, आणि ते आले ते डॉक्टरांकडून नव्हे. जर्मनीच्या विल्हेल्म फेफरने १८७७ मध्ये सच्छिद्र मातीच्या भांड्यात एक कृत्रिम पटल तयार केले आणि साखरेच्या पाण्याने त्यात किती दाब निर्माण होतो ते मोजले. शंभर भाग द्रावणात एक भाग साखर असली तरी दाब भरतो हवेच्या दाबाच्या दोन तृतीयांशाइतका. फेफर वनस्पतिशास्त्रज्ञ होता, त्याला झाडाच्या पेशींत रस होता. ॲमस्टरडॅममधला ह्यूगो द व्हरीस हाही वनस्पतींचाच माणूस. त्याने फेफरचे हे आकडे आपला सहकारी याकोबस फान्ट हॉफ याच्या कानावर घातले. फान्ट हॉफ रसायनशास्त्रज्ञ. त्याने त्यातून नियम काढला, आणि १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे जगातले पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले. हार्टोख हंबुर्खर या डच शरीरशास्त्रज्ञाने याच सुमारास रक्तपेशी वेगवेगळ्या घट्टपणाच्या मिठाच्या पाण्यात टाकून पाहिल्या. बेडकाच्या पेशींना साधारण ०.६ टक्के मीठ मानवते, माणसाच्या पेशींना ०.९ टक्के. आज कुठल्याही दवाखान्यात पलंगाशेजारी लटकणाऱ्या सलाइनच्या बाटलीवर जो ०.९ हा आकडा असतो, त्याचे मूळ इथे आहे. एक लिटर पाणी, नऊ ग्रॅम मीठ.

कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स या इंग्रज डॉक्टरने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे ज्ञान पटकीच्या रोग्याला लावून पाहिले. रोग्याचे रक्त किती दाट झाले आहे हे तो मोजायचा आणि त्या मानाने जास्त मिठाचे सलाइन शिरेत द्यायचा. शंभरात साठच्या आसपास मरत होते, ते तीसच्या आसपास आले. मोठी गोष्ट होती ही. पण तिला निर्जंतुक बाटली हवी, सुई हवी, शीर सापडणारा हात हवा, इस्पितळ हवे. पटकी तर नेमकी तिथे यायची, जिथे यातले काहीच नसायचे.

मग प्रश्न असा की तोंडाने का देत नव्हते? उत्तर सरळ आहे. तोंडाने दिलेले अंगी लागत नव्हते. याच जागी दादीचा हिशेब आणि शास्त्रज्ञांचा हिशेब एक होता. आतडे बिघडले आहे, त्याची कातडीच सोलवटली आहे, ते काही शोषून घेणार नाही, असेच सगळे धरून चालले होते. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये यातला पहिला धोंडा हलवला. पटकीचे जंतू आतडे सोलत नाहीत, ते एक विष सोडतात, हे त्यांनी सशांवरच्या प्रयोगांतून सिद्ध केले. त्या विषाने आतड्याच्या पेशींतून क्षार आत पोकळीत सांडू लागतात आणि परासरणाच्या नियमाने त्यांच्यामागून पाणी धावते. माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. पण आतडे शाबूत असते.

दुसरा धोंडा १९६० मध्ये हलला. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने प्राग येथल्या परिषदेत मांडले की आतड्याच्या पेशीला साखर आत घेण्याचे एक दार असते, आणि त्या दारातून साखर एकटी जात नाही, मिठातले सोडियम तिच्याबरोबर लागते. दोघे बरोबर आले तर आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. आपल्या आतड्यातून रोज आठ-नऊ लिटर द्रव वाहतो. आपण पितो ते दोन लिटर, बाकीचा लाळ, पित्त, पाचक रस यांचा. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात ओढला जातो, त्यात या दाराचा मोठा वाटा. आणि पटकीचे विष हे दार बंद करत नाही. क्षार बाहेर सांडण्याचा नळ ते उघडते, पण आत घेण्याची ही खिडकी तशीच राहते.

मजा अशी की हे सगळे ठाऊक होण्याच्या आधी, १९५३ मध्येच, कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी ती खिडकी वापरली होती. एक लिटर पाणी, चार ग्रॅम मीठ, पंचवीस ग्रॅम ग्लुकोज. उलटी थांबवायला औषध आणि पानओव्याच्या पानांचा रस. १८६ रोग्यांवरचा हा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापूनही आला. पण रोगी फार गंभीर नव्हते, तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला नव्हता, आणि हे का घडते याचे स्पष्टीकरण नव्हते. कुणी लक्ष दिले नाही. तसे पाहिले तर शास्त्राच्या रिवाजाने लक्ष न देणाऱ्यांचे बरोबरच होते. तरीही, ते पान उलटून पुढे गेलेल्यांचा विचार आला की मला आमच्या घरातला १९७९ चा उन्हाळा आठवतो.

१९६२ मध्ये मनिलात अमेरिकी नौदलाचे डॉ. रॉबर्ट फिलिप्स यांनी तोंडाने द्रावण देण्याचा प्रयोग केला. त्यात काही रोगी दगावले आणि फिलिप्स हादरले. त्यानंतर बराच काळ ते या उपायाकडे साशंकपणेच पाहत राहिले. प्रमाणाचा हा खेळ किती नाजूक आहे हे त्यांच्याइतके कुणाला कळले असेल? पुढे ते ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश हे पंचविशीतले दोन डॉक्टर त्यांच्या हाताखाली आले. या पोरांनी एक साधी गोष्ट केली. रोग्याच्या अंगातून किती गेले ते मोजायचे आणि तेवढेच, त्याच मानाने, प्यायला द्यायचे. ठरावीक पेले नव्हेत, गेले तेवढे. १९६८ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापले गेले. शिरेतून देण्याच्या सलाइनची गरज ऐंशी टक्क्यांनी कमी झाली होती. कलकत्त्यातही त्याच सुमारास असेच प्रयोग यशस्वी झाले. पण हे सगळे इस्पितळात, मोजमापाखाली, डॉक्टरांच्या नजरेसमोर. खेड्यातल्या बाईच्या हातात हे देता येईल असे कुणी म्हणत नव्हते. ती मीठ जास्त घालेल, पोर मरेल, हे भय होते. ते खोटे नव्हते.

मग आले १९७१. पूर्व पाकिस्तानात कत्तली सुरू झाल्या आणि माणसांचा लोंढा भारतात शिरला. वर्षाअखेर ही संख्या एक कोटीच्या घरात गेली. पावसाळा तोंडावर आणि छावण्यांत पटकी. सीमेवरचे बनगाव हे त्यातले एक ठिकाण. फाळणीपूर्वी बनगाव जेसोर जिल्ह्यातच होते, म्हणजे १८१७ ची साथ जिथून उसळली त्याच मुलखात. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातले डॉ. दिलीप महालनोबीस तिथे जूनच्या अखेरीस पोचले. लंडन-एडिंबरोहून शिकून आलेले हे बालरोगतज्ज्ञ. इस्पितळाच्या दोन खोल्यांत रोगी जमिनीवर पसरलेले. कुणाला सलाइन लावायचे तर उलटी आणि जुलाबांच्या थारोळ्यात गुडघे टेकून बसावे लागत होते, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या.

महालनोबीसांनी ठरवले, तोंडानेच द्यायचे. बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एक लिटर पाणी. त्यात पोटॅशियम नव्हते. बाजारात सहज मिळणाऱ्या तीनच वस्तू. केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत माणसे बसली, वजन करून पॉलिथिनच्या पिशव्या भरल्या, गरम इस्त्रीने त्यांची तोंडे चिकटवली. चार लिटरची पिशवी आणि सोळा लिटरची पिशवी. खर्च लिटरला अकरा पैसे. छावणीत हे पाणी पिंपांत कालवून ठेवले. तोट्या लावलेल्या त्या पिंपांतून आया, बाप, भाऊ पेला भरून न्यायचे आणि आपल्या माणसाला पाजायचे. अगदी मरायला टेकलेल्याला आधी शिरेतून सलाइन, तो गिळू लागला की हे पाणी. लोकांचा सलाइनवर विश्वास, म्हणून यालाही सलाइनच म्हटले गेले, फक्त पिण्याचे. आठ आठवड्यांत सदतीसशेहून अधिक रोगी त्यांच्या देखरेखीखाली आले. आधी शंभरात तिसाच्या आसपास जात होते, आता चारही जात नव्हते. हे पाणी कसे करायचे ते बांगलादेशच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही सांगितले गेले. ध्वनिलहरींवर बसून एक पाककृती सरहद्द ओलांडून गेली, हे आकाशवाणीवर बोलताना मला विशेष सांगावेसे वाटते.

ज्याला आपण संशोधनाची शिस्त म्हणतो ती इथे नव्हती. महालनोबीसांचा निबंध नाकारला गेला आणि १९७३ मध्ये कुठे छापून आला. १९७८ मध्ये मात्र 'लॅन्सेट'ने संपादकीयात म्हटले की साखर आणि मीठ मिळून पाणी शोषले जाते हा शोध बहुधा या शतकातली वैद्यकाची सर्वांत मोठी झेप ठरेल. महालनोबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

पण खेड्यातल्या बाईचे काय? तिला मीठ मोजता येईल का? हा प्रश्न बांगलादेशातच सुटला. ब्रॅक नावाच्या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात घरोघर बायका पाठवल्या. तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. अर्धा शेर कुठपर्यंत येते ते त्या घरातल्याच भांड्यावर खूण करून दाखवायच्या. शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना ठरायचा तो तिने किती घरे केली यावर नव्हे. काही दिवसांनी दुसरे कोणी जाऊन त्या आईला विचारायचे, करून दाखव म्हणायचे, तिने केलेल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जायचा, मिठाचे प्रमाण तपासले जायचे. आईला किती आठवते त्यावर शिकवणारीचे पैसे. एक कोटी वीस लाखांहून अधिक घरे अशी झाली. फान्ट हॉफच्या नोबेलाइतकीच ही मोठी गोष्ट आहे, असे माझे मत. एका बाईच्या चिमटीला त्यांनी तराजू केले.

आणि एवढे होऊनही प्रमाणाचा प्रश्न मिटला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये ठरवलेल्या पाकिटाचे द्रावण पटकीसाठी नेमके होते, कारण पटकीत मीठ भरमसाट जाते. साध्या जुलाबाच्या पोरांना ते थोडे घट्टच पडत होते. शास्त्रज्ञ जे एकक वापरतात त्यात रक्ताचा घट्टपणा २८० ते २९० च्या आसपास, आणि त्या द्रावणाचा ३११. अनेक देशांतल्या चाचण्यांनंतर २००२ मध्ये तो २४५ वर आणला. मीठ कमी, साखरही कमी. उलट्या कमी झाल्या, जुलाब कमी झाले, मुलांना सुई टोचण्याची पाळी कमी येऊ लागली. आज औषधाच्या दुकानात मिळते ते पाकीट या प्रमाणाचे.

आता आमच्या घरचा निकाल. दादीने पाणी तोडले ती चूक होती. नुसते साधे पाणी दिले असते तरी ते न देण्यापेक्षा बरे झाले असते, पण पुरेसे नाही. कारण मिठाशिवाय ते नीट शोषले जात नाही आणि जेवढे जाते तेवढे रक्त पातळ करते. मग मेंदूच्या पेशी फुगू लागतात, पोराला झटके येतात. अम्मीने प्यायला दिले हे बरोबर. पण तो पाक रक्तापेक्षा कितीतरी घट्ट. त्याने आतड्यात पाणी सोडण्याऐवजी अंगातलेच पाणी आतड्याकडे ओढले असणार, कैरीच्या फोडीतून सुटते तसे. बाजारातली गोड शीतपेये आजही आजारी पोराला कौतुकाने पाजली जातात, तिथेही हेच होते. लिटरभर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढे त्या रात्री आमच्या घरात होते. डब्यांत होते. बनगावच्या छावणीनंतर आठ वर्षे उलटली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने आजही पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुले दरवर्षी जुलाबाने जातात.

दादी हे कळायच्या आधीच गेली. अम्मीला मी सगळे समजावून सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती काही बोलली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या बहिणीच्या नातवाला जुलाब लागले तेव्हा मीच घाईघाईने पाकीट फोडून तांब्यात ओतले. अम्मीने तांब्या माझ्या हातातून घेतला, आत डोकावून पाहिले, आणि फळीवरची लिटरची रिकामी बाटली काढून दिली. 'इसमें नाप के डाल,' ती म्हणाली. मग बोटाने थेंबभर जिभेवर घेतला. आसवांहून खारट नसावे, एवढे तिने दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून कधीतरी ऐकून ठेवले होते. तिने दुसऱ्यांदा चाखले आणि वाटी-चमचा आणायला मला आत पाठवले.